सबूर मास्तरांची चौथी ओळ

सबूर मास्तरांना कविता करताना पाहणाऱ्याला वाटायचं, या गृहस्थाचा धंदा पाटी पुसण्याचा आहे. लिहायचे थोडं आणि पुसायचे फार. पहाटे आंघोळ आणि लिंगपूजा आटोपली की ओट्यावर घोंगडी अंथरून बसायचे. मांडीवरच्या पाटीवर एक ओळ लिहायची, ओठातल्या ओठात घोळवायची आणि ओल्या फडक्यानं पुसून टाकायची. शाळेची वेळ होईपर्यंत हेच. मी तेव्हा मराठवाड्यातल्या वाशी गावच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. एकदा न राहवून म्हणालो, "कागदावर लिहा की." तर म्हणाले, "कागदावर खोडलं की डाग ऱ्हातो. पाटीवर पुसलं की जागा होती."

त्यांचं खरं नाव गाव विसरूनच गेलं होतं. कुणी कशाचीही घाई केली की ते हात वर करून "सबूर!" म्हणत, म्हणून सबूर मास्तर. राज्य निजामाचं, वरच्या वर्गांना गणितसुद्धा उर्दूतून. दिवसभर उर्दूत हिशेब शिकवायचे आणि मनात मराठी ओळ चालू ठेवायची, ही कसरत ते कशी करत देव जाणे. सकाळी पुसलेली ओळ दिवेलागणीला आठवली तरच ती कागदावर जायची. नाही आठवली तर ते हळहळतही नसत. "आपल्यालाच आठवंना, तर लोकांनी का म्हणून ध्यानात ठेवावी?"

ओळ पारखायलाही ते भलतीच माणसं गाठत. बायकोवर त्यांचा भरवसा नव्हता. त्या काकू चुलीपुढून मान न वळवता प्रत्येक ओळीला "झ्याक हाय" म्हणत आणि "आता जरा पाणी आणा" हे त्याला जोडून देत. म्हणून मास्तर सर्व्हिस मोटारीच्या थांब्यावर जात. मोटारीची वाट पाहून कावलेल्या माणसाशेजारी बसायचं आणि गप्पांच्या ओघात ओळ सोडून द्यायची. तंबाखू मळणारा हात क्षणभर थांबला तर ओळ पास. माझा हात त्यांच्या ओळीला कधी थांबला नाही, असं ते मला हसत हसत ऐकवत. मी तंबाखू खात नसे, पण त्याचं त्यांना काही नव्हतं.

रझाकारांच्या त्या धामधुमीच्या वर्षी एका पहाटे ईट गावचा नामदेव ओट्याशी येऊन उभा राहिला. मास्तरांचा जुना विद्यार्थी, शेतकऱ्याचा पोरगा, आवाज खणखणीत. हद्दीपलीकडं, बार्शीच्या बाजूला, निजामाशी लढणाऱ्या आपल्या पोरांचा कॅम्प पडला होता, तिकडं तो निघाला होता.

"मास्तर, पोरांना म्हणायला एक गाणं द्या. लई गरज हाय. उजाडायच्या आत निघायचंय."

मास्तरांनी पाटी त्याच्यापुढं धरली. त्यावर तीन ओळी होत्या:

निघालो तरी परतुन येऊ,
दाराला या कडी नको
काळी अमुची, आम्ही पेरू

"आन् चौथी?" नामदेवानं विचारलं.

"सबूर. अजून आली न्हाय."

मला राग आला. मी म्हणालो, "मास्तर, काहीतरी जोडून द्या. लढाई तुमच्या ओळीसाठी थांबणार आहे का?" मास्तर शांतपणे म्हणाले, "पोरं जीव घेऊन निघालीत हातावर. त्यांच्या तोंडी कच्ची ओळ देऊ व्हय?" नामदेव मात्र हसला. तीन ओळी त्यानं दोनदा म्हणून पाठ केल्या, मास्तरांच्या पाया पडला आणि उजाडायच्या आत गेला.

त्यानंतर मास्तरांनी दुसरं काही लिहिलं नाही. पावसाळाभर पाटीवर तीच तीन ओळींखालची रिकामी जागा. शेवटी एका पहाटे ते जवळजवळ पळतच माझ्या दारात आले. "आली!" म्हणाले. दिवेलागणीला ती आठवली, दुसऱ्या दिवशीही आठवली. पण मला काही त्यांनी ती सांगितली नाही. "आधी नामदेवाला," म्हणाले. त्या दिवशी वर्गात त्यांनी गणित बाजूला ठेवून पोरांना गोष्ट सांगितली, हे आमच्या शाळेतलं नवलच होतं.

पुढं निजामाचं राज्य गेलं आणि कॅम्पातली माणसं परतली. गाव वेशीवर लोटलं होतं. मास्तर धुतलेली टोपी घालून सगळ्यांत पुढं उभे होते. गाणं लांबूनच ऐकू आलं. तीन ओळी झाल्या आणि पोरांनी चौथीही म्हटली:

भाकर झाकुन ठेव, रडू नको

मास्तरांनी दाताखाली खडा आल्यासारखा चेहरा केला. ओळ वजनात बसत नव्हती. 'ठेव' हा शब्द जास्तीचा होता.

"ही ओळ कुणी घातली?" त्यांनी पुढच्या पोराला थांबवून विचारलं.

"नामदेवानं. घरून निघताना आईला असंच म्हणाला होता म्हणं." पोरगा घुटमळला. "मास्तर, नामदेव न्हाय आला. हद्दीवर गोळी लागली त्याला."

मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग त्यांनी विचारलं, "म्हणताना 'ठेव' कसं बसवता?"

"बसत न्हाय, मास्तर. आमी घाईनं पळवतो."

मास्तरांनी मान हलवली आणि तिथंच वेशीच्या दगडावर बसले. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्यांची स्वतःची चौथी ओळ मी पुढं अनेकदा विचारली. दर वेळी म्हणत, "विसरलो." मला ते तेव्हाही खोटं वाटलं, आजही वाटतं. जी ओळ पावसाळाभर शोधली ती असा माणूस विसरेल? त्यांनी ती नामदेवासाठी सोडून दिली. माझं मन एवढं मोठं कधी झालं नसतं.

पुढच्या वर्षी झेंडावंदनाला तपासणीचे साहेब आले. कवितेचे जाणकार होते. शाळेतल्या पोरांची तालीम ऐकून त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं. "गाणं उत्तम आहे, पण शेवटच्या ओळीत वजन जातं. तो 'ठेव' काढून टाका, सुरेख बसेल."

"तुमचं बरोबर हाय, साहेब," मास्तर म्हणाले. "जातंय वजन."

"मग करा की दुरुस्त."

"ओळ माझी न्हाय. ज्याची हाय त्याला विचारल्याशिवाय हात कसा लावू? आन् विचारायला तो ऱ्हायला न्हाय."

झेंडा वर गेला, पोरांनी गाणं सुरू केलं आणि मास्तर त्यांच्यात जाऊन उभे राहिले. शेवटची ओळ आली तशी पोरं सवयीनं 'ठेव' पळवून पुढं गेली. मास्तर एकटे त्या शब्दावर थांबले, तो त्यांनी पुरता म्हटला, आणि पोरांना मागं येऊन त्यांच्यासाठी थांबावं लागलं.