कायमचा वर गेलेला लोहछाती

माझ्या हातून माझ्या मेहुण्याचा खून झाला, आणि तोही चार रंगांत छापून आला.

त्याचं असं आहे, माझी ताई चित्रकथा काढते आणि मी तिचे फुगे भरतो. फुगे म्हणजे पात्रांच्या तोंडाला लटकलेले असतात ते, बोलण्याचे. आमच्या चित्रकथेचं नाव ‘रणपंचक’. जुन्या महायुद्धाच्या काळातले पाच महावीर, अंगाला घट्ट कपडे, पाठीवर बैलाला घालतात तशी झूल, आणि दर अंकात शत्रूचा एक नवा कट. सगळं जुन्या थाटाचं. कागद मुद्दाम पिवळट, रंग ठिपक्याठिपक्यांचे, आणि झुलीचा लाल रंग रेषेबाहेर जरासा आभाळात सांडलेला. चांगल्या यंत्रावर हे असं बिघडवून छापताना छापखानेवाला रडकुंडीला येतो. “बाई, एकदा नीट छापून बघू का?” असं तो दर खेपेला काकुळतीने विचारतो.

या पाचही महावीरांचा देह एकच. तो दाजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा.

दाजी लिफ्ट दुरुस्त करतात. उंच, शेवग्याच्या शेंगेसारखे. खांदे मात्र तारा ओढून ओढून रुंद झालेले. हाताला ग्रीसचा वास, तो कुठल्याच साबणाला दाद देत नाही. ताई एकदा भल्यामोठ्या चित्रफळ्यासकट लिफ्टमध्ये अडकली होती, तेव्हा वरून आवाज आला, “दाराला टेकू नका.” तिने ऐकलेलं त्यांचं पहिलं वाक्य ते. ताई म्हणते, त्यानंतर इतकं लांब वाक्य ते आजतागायत बोललेले नाहीत. वर, खाली, थांब आणि पाना दे, एवढ्या भांडवलावर त्यांचा संसार चालू आहे, आणि उत्तम चालू आहे.

कामावरून आले की ताई त्यांना उभं करते. बादली डोक्यावर धरली की तो उचललेला रणगाडा. पातेल्याचं झाकण ही ढाल. विद्युल्लता नावाची वीरांगनासुद्धा दाजीच. तेव्हा फक्त मिशीवर हात धरायचा. शत्रूचा सेनापती मात्र मी. “तुला पोटावर उशी बांधावी लागत नाही,” एवढंच ताईने कारण दिलं.

तर गेल्या अंकात वाचकांना रडवायची मला हुक्की आली. पंचकाचा नायक लोहछाती बॉम्ब छातीवर झेलतो आणि शहर वाचवून स्वतः धारातीर्थी पडतो. त्या चित्रासाठी दाजी खाटेवर उताणे पडले, डोळे मिटले आणि घोरायला लागले. ताईला मिशी तीनदा खोडावी लागली, कारण ती सारखी उडत होती. चित्राखाली मी लिहिलं, ‘आणि लोहछाती वर गेला. कायमचा!’ उद्गारचिन्हही माझंच.

पानं छापखान्यात गेली आणि इकडे दाजी एका जिन्यात मटकन बसले. लिफ्टचं यंत्र असतं गच्चीवर. लिफ्ट बंद पडली की सगळं जग तक्रार करतं, पण वर चढून जावं लागतं ते दुरुस्त करणाऱ्यालाच. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, बदलावी लागेल. आम्ही सगळे पांढरेफटक. दाजींनी शांतपणे विचारलं, “पार्ट मिळतो ना?”

“मिळतो,” बाई म्हणाल्या.

“मग बदला.”

इतकं सोपं होतं सगळं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नवा अंक हातात आला आणि तेवढीच त्यांची करमणूक म्हणून मी तो नाचत नाचत दवाखान्याच्या खोलीत घेऊन गेलो. अकलेचा कांदा म्हणतात तो हाच.

दाजींनी हिरवा झगा घातला होता. त्यांनी एकेक पान सावकाश उलटलं. शेवटच्या पानावर स्वतःला उताणं पडलेलं पाहिलं. खालची ओळ वाचली. अंक मिटला आणि ताईला म्हणाले, “शर्ट दे.”

“अहो, कुठे निघालात?”

“घरी.”

खाटेशेजारी बसलेल्या ताईच्या सासूबाईंनी अंक ओढून घेतला, चष्मा चढवला आणि मग माझ्याकडे पाहिलं. “अरे, तुझ्या जिभेला काही हाड? माझ्या मुलाला आडवा केलास?”

“अहो, तो लोहछाती आहे.”

“तोंड कुणाचं आहे?”

शत्रूच्या सेनापतीने खाटेमागे आश्रय घेतला. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी स्पष्टच सांगितलं, “आज परत गेलात तर झडप तुमच्यासाठी थांबणार नाही. पुन्हा आणतील तेव्हा उशीर झालेला असेल.” दाजी बटणं लावत राहिले. ताईने त्यांची बाही घट्ट धरून ठेवली होती.

“दाजी,” मी म्हणालो, “तुम्ही असलं काही मानता?”

“मानत नाही. पण पाटी नसताना आत उतरत नाही.”

हे आम्हाला माहीत होतं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी दाजी प्रत्येक मजल्यावर ‘काम चालू आहे’ ही पाटी अडकवून येतात. नाहीतर वर कुणीतरी बटण दाबतं. त्यांचा एक जोडीदार घाईघाईत तसाच उतरला होता. त्याच्याबद्दल दाजी कधी बोलत नाहीत, पण पाटी मात्र दोनदा हलवून बघतात.

“आणि तू तर ‘कायमचा’ लिहिलंस,” दाजी मला म्हणाले. “वर गेलेलं खाली येतं रे. नाही आलं तर तक्रार येते.”

एवढं लांब बोलले म्हणजे माणूस खरंच घाबरला होता.

ताईने माझ्या खिशातलं पेन काढलं. औषधाच्या खोक्याचं झाकण फाडलं आणि त्यावर लोहछाती काढला, तसाच उताणा, तीच झूल, पण एक डोळा उघडा. तोंडाशी रिकामा फुगा काढून झाकण माझ्यापुढे सरकवलं. “भर.”

पानंच्या पानं वीरश्री ओतणारा मी, मला एक शब्द सुचेना. शेवटी लिहिलं, ‘काम चालू आहे.’

दाजींनी ते लांब धरून पाहिलं. “ठळक कर.”

मी गिरवून गिरवून ठळक केलं. मग त्यांनी शर्ट उतरवला, बँडेजच्या पट्टीने झाकण न्यायला आणलेल्या स्ट्रेचरच्या दांड्याला स्वतः बांधलं, गाठ दोनदा हलवून बघितली, आणि मुकाट्याने आडवे झाले.

नर्सने आत नेताना पाटी सोडून आमच्या हातात दिली. असलं काही आत चालत नाही म्हणाली. सासूबाईंनी ती ऑपरेशनच्या खोलीच्या दाराला बाहेरून मुठीवर अडकवली आणि स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसल्या. भिंतीवर कसलंतरी बटण होतं. तिकडे जो कोणी हात नेईल त्याला त्या दरडावत, “हात खाली! पाटी दिसत नाही?” एका मोठ्या डॉक्टरनेही निमूट हात मागे घेतला. ताई बाकावर बसून नखाने फरशीवर रेघा ओढत होती. मी दोघींपासून अंतर राखून होतो.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडावरची पट्टी उतरवली, पाटी वाचली आणि हसल्या. “काढा आता. काम झालं. झकास झालं.”

ताई हसली की रडली ते मला अजून नक्की सांगता येणार नाही. नाक मात्र तिने माझ्या बाहीला पुसलं. आणि सासूबाई, ज्यांनी सकाळी खडसावल्यापासून माझ्याकडे बघितलं नव्हतं, त्या पिशवीतली बाटली काढून म्हणाल्या, “घे, पाणी पी. थोबाड बघ कसं झालंय.” मी अख्खी बाटली रिकामी केली.

दाजी उशीला टेकून बसायला लागले तेव्हा आम्ही तिघं खाटेभोवती जमलो. कसं वाटतंय, दुखतंय का, सगळं विचारून झालं. दाजी छताकडे कान देऊन होते. “इथली लिफ्ट घासतेय,” ते म्हणाले. “पाना हवा.” त्या क्षणी आमची खात्री पटली, माणूस शाबूत आहे.

मग मी हळूच विषय काढला. पुढचा अंक तोंडावर आला होता आणि लोहछातीला जिवंत करणं भाग होतं; सासूबाईंनी तसा सज्जड दमच भरला होता. 

“पण दाजी, कायमचा वर गेला असं मी छापून बसलोय. आता त्याला परत आणू कसा?”

दाजींनी डोळे मिटून घेतले.

“खालचं बटण दाब.”