काजळ्याला बसायला जागा

शेळगावच्या सोनबा मदन्यांना माणसं फारशी आवडत नसत, आणि ही गोष्ट ते भेटेल त्या माणसाला आवर्जून सांगत.

"त्यापरीस मेंढरं बरी," ते म्हणत. "एक वळलं की समदी वळत्यात. माणसाचं तसं न्हाय. एक वळला की धा जण इचारत्यात, का रं वळलास?"

त्यांचा उभा जन्म मेंढरांमागं गेला होता. पुढं चराईची रानं उसाखाली गेली, जो तो बांधावर काठी घेऊन उभा राहू लागला, गुडघेही कुरकुरू लागले. आणि ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास सोनबांनी कळप विकून टाकला. मागं उरला काजळ्या. अंगानं पांढरा, पण डोळ्यांभोवती कुणी हौसेनं काजळ घालावं तशी काळी वर्तुळं. कळप घेणाऱ्यानं कुत्र्यालाही हात घातला, तेव्हा सोनबा भडकले.

"कुत्रं बी न्हेतोस? मग बायकू बी हाय घरात, ती बी ने!"

"इचारा तरी त्याला!" आतून सारजाबाई ओरडल्या. "मी कवाची तयार हाय!"

सारजाबाई गेल्या, पण बारामतीला, लेकाकडं. दादासो तिथं दूध डेअरीत लागला होता, सून बालवाडीवर जायची आणि नात स्वराली नुकती रांगायला लागून घरातली भांडी एकेक करून अंगणात नेत होती. तिला सांभाळायला म्हणून आजी गेली ती तिथंच रमली. इकडं शेळगावात सोनबा स्वतः भाकरी थापू लागले. ती भाकरी काजळ्या हुंगायचा आणि सभ्यपणानं दुसरीकडं बघायचा. शेवटी पोटानं हार खाल्ली. खांद्यावर घोंगडी टाकून सोनबा कुत्र्यासकट बारामतीत दाखल झाले.

"आता या वयात दोन चुली नगं," सारजाबाई म्हणाल्या. "हितंच ऱ्हावा."

"ऱ्हातो की. पर घरात बसून माझं अंग आंबतं. मला भाईर बसाया जागा पायजे, आन् जिथं काजळ्याला जागा न्हाय तिथं मी बूड टेकणार न्हाय. दिवाळीपतुर बघतो. न्हाय जमलं तर आपलं शेळगाव बरं."

"कुत्रं अंगणात बांधा की, आबा," दादासो म्हणाला.

सोनबांनी लेकाकडं असं पाहिलं की तो डबा घेऊन मुकाट्यानं कामावर निघून गेला. मेंढराचं कुत्रं बांधायचं नसतं, एवढंही पोराला बारामतीच्या पाण्यानं विसरायला लावलं, याचं त्यांना वाईट वाटलं.

जागेचा शोध सुरू झाला तो यष्टी स्टँडाजवळच्या हॉटेलापासून. सोनबा बाकावर, काजळ्या बाकाखाली. चहा आला. आता मदन्यांच्या घरची रीत अशी, की खाण्यापिण्यातला पहिला वाटा राखणदाराचा. माळावर मुक्काम असो की घर असो, भाकरीचा पहिला तुकडा कुत्र्याला, मग मालकाला. सोनबांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि बशी खाली ठेवली. काजळ्यानं अगदी सोनबांसारखाच फुर्र फुर्र आवाज करत ती चाटूनपुसून लख्ख केली. शेजारच्या गिऱ्हाइकानं तोंडाला लावलेली आपली बशी हळूच खाली ठेवली.

हॉटेलवाला धावत आला. "आबा, ही बशी आता कुणी वापरायची?"

"धुतल्यावर कुणीबी. माणसाची उष्टी बशी बी धुताच की तुमी." सोनबांना शंका आली. "का न्हाय धूत?"

यावर आणखी दोन गिऱ्हाइकं उठली, आणि त्यांच्या पाठोपाठ सोनबांनाही उठवण्यात आलं.

मग एकदा दुपारच्या उन्हात त्यांना एक थंड, अंधारी जागा दिसली. ती परमिट रूम होती हे आत गेल्यावर कळलं. पण तिथं काजळ्याला कुणीही हटकलं नाही, कारण टेबलाखालच्या अंधारात तो कुणाला दिसलाच नाही. सोनबा सोडा पीत निवांत बसले. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा एकजण खाली उतरला आणि काजळ्याच्या गळ्यात पडून आपल्या मेहुण्याची गाऱ्हाणी सांगत रडू लागला. काजळ्यानं बरंच सोसलं आणि मग तो आपणहून बाहेर पडला. घरी आल्यावर सारजाबाईंनी आधी सोनबांचं तोंड हुंगलं, मग काजळ्याचं. दोघेही निर्दोष सुटले.

शेवटी सापडली कालव्याकाठची बाग. हिरवळ, बाकडी, मधोमध एक डेरेदार लिंब. फाटकावर रामहरी नावाचा राखणदार बसायचा. तो अंथुर्ण्याचा, म्हणजे शेळगावचा शेजारीच.

"आबा, कुत्र्याला बंदी हाय हितं. पाटीवर लिवलंय."

"पाटीवर कुत्रं लिवलं आसंल. मेंढराचं कुत्रं लिवलंय का?"

रामहरीनं पाटी पुन्हा वाचली. तसं लिहिलेलं नव्हतं खरं. "जावा, पर गपगुमान बसवा त्याला."

सकाळची वेळ होती. फिरायला आलेली शहरी मंडळी बागेला गोल गोल चकरा मारत होती. कुणी पुढं, कुणी मागं, कुणी झपझप, कुणी रेंगाळत. काजळ्यानं हा पसारा पाहिला आणि त्याला तो सहन होईना. कळप विकल्यापासून बिचारा रिकामा होता. तो उठला. भुंकला नाही, दात दाखवले नाहीत. नुसता वाकडातिकडा पळत, एकाच्या पोटरीला नाक लावत, दुसऱ्याला आडवा जात त्यानं एकेकाला लिंबाखाली आणायला सुरुवात केली. आप्पासाहेब म्हणून एक रिटायर्ड साहेब होते, पांढऱ्या बुटातले. ते निसटले. काजळ्यानं त्यांना वळवून आणलं. ते पुन्हा निसटले आणि पुन्हा वळवले गेले. बघता बघता सगळी बाग लिंबाखाली गोळा झाली.

सोनबांनी एक शीळ घातली असती तर काजळ्या जागच्या जागी थांबला असता. पण खरं सांगायचं तर त्यांनी ती मुद्दामच घातली नाही. कळप गोळा होताना बघून त्यांच्या छातीत काहीतरी भरून आलं होतं. हे पुन्हा बघायला मिळेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"कुणाचं आहे हे कुत्रं?" आप्पासाहेब गरजले.

रामहरी हात जोडत आला. "आबा, पाया पडतो, उद्यापासनं नगं. माझी नोकरी जाईल."

सोनबांनी शीळ घालून काजळ्याला बोलावलं. घरी आले, घोंगडी खांद्यावर टाकली, काठी उचलली.

"दिवाळी आजून लांब हाय," सारजाबाई म्हणाल्या.

"या गावात जागा न्हाय."

"काजळ्याला न्हाय का तुमाला न्हाय?"

सोनबा तरातरा चालू लागले. मागं नातीला कडेवर घेऊन सारजाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. थांबा म्हणाल्या नाहीत, आणि तेच सोनबांना जास्त लागलं.

इंदापूर रस्त्याला गावातली घरं संपून ऊस सुरू होतो, तिथं काजळ्या मटकन बसला. सोनबांनी शीळ घातली. तो उठेना. शिव्या घातल्या. तो बारामतीकडं बघत राहिला. एकदा अंथुर्ण्याच्या माळावर एक लंगडी मेंढी मागं राहिली होती, तेव्हाही तो असाच अडून बसला होता. एकही मागं राहिलं असेल तर पाऊल उचलायचं नाही, हे सोनबांनीच त्याला शिकवलं होतं, आणि त्या दिवशी अख्खी भाकरी खाऊ घालून त्याची पाठ थोपटली होती.

"कोण ऱ्हायलंय रं मागं आता? इकली की समदी!"

काजळ्या उठला आणि आल्या वाटेनं सुसाट पळाला.

सोनबा बाभळीखाली बसले. आधी राग आला. मग भीती वाटली. मेंढरं गेली, बायको बारामतीत राहिली, आता कुत्रंही गेलं. शेळगावात जाऊन कुणाला शीळ घालायची? डोळे पाण्यानं भरले तसे त्यांनी ते घोंगडीला पुसले आणि घोंगडी टोचते म्हणून तिलाच चार शिव्या हासडल्या.

बऱ्याच वेळानं रस्त्यावर आरडाओरडा ऐकू आला. सारजाबाई येत होत्या. कडेवर टाळ्या पिटणारी स्वराली, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. मागं डेअरीच्या कपड्यातला दादासो सायकल ढकलत, त्याच्या बाजूला बालवाडीतून वळवून आणलेली सून. आणि सगळ्यांच्या मागं, कधी डावीकडं कधी उजवीकडं पळत, काजळ्या.

"मुडद्यानं पदर फाडला माझा!" सारजाबाई लांबूनच कडाडल्या.

"मला डेअरीच्या फाटकात गाठलं," दादासो धापा टाकत म्हणाला. "सायकलवर बसूच देईना, आबा."

काजळ्यानं सगळ्यांभोवती एक फेरी मारली, एकेकाला हुंगून पाहिलं आणि मग सोनबांच्या पायाशी अंग टाकून तो तिथल्या तिथं झोपी गेला. बारामतीत आल्यापासून तो असा गाढ झोपलेला सोनबांनी पाहिला नव्हता. आपण गावभर त्याच्यासाठी जागा हुडकली; त्यानं ती कुणाकडं मागितलीच नव्हती.

"मला सोडून तुमी निघाला व्हता," सारजाबाई खाली बसत म्हणाल्या. "ह्यो न्हाय."

त्यांनी फडकं सोडलं. आत भाकरी आणि ठेचा होता. नवरा उपाशी निघाला म्हणून बांधून ठेवलं होतं, पण मागं धावायला पाय उचलत नव्हता. काजळ्यानं पदर ओढला तेव्हा कुठं उचलला.

सोनबांनी भाकरी मोडली. सवयीनं पहिला तुकडा काजळ्यापुढं धरला. काजळ्या घोरत होता.  मग सोनबांनी तो तुकडा सारजाबाईंच्या पुढं केला.

"ह्यो राखणदाराचा वाटा न्हवं का?" सारजाबाईंनी डोळे वटारले. "मंजी मी कुत्रं व्हय?"

"खा गप," सोनबा म्हणाले. "आन् खाऊन झालं की उठवू त्याला. घरी जायाचंय."

"कुठल्या घरी?"

सोनबांनी काठीनं बारामतीकडं दाखवलं. सारजाबाईंनी तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता तोंड दुसरीकडं फिरवलं.