कोपराएवढी कीर्ती

२००४ साली मी अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगला एका अपार्टमेंटमध्ये दोघा मित्रांबरोबर राहायचो. मी नागपूरचा, एक पुण्याचा आणि एक मुंबईचा. तिघांत मिळून एक गाडी, एक कुकर आणि एक बँड होता.

बँड हा शब्द पुणेकराचा. त्याच्याकडे जुनी गिटार होती आणि त्याला चार कॉर्ड येत. पाचवी लागणारं गाणं आलं की तो म्हणायचा, "या गाण्यात फारसा दम नाही." मुंबईकर मात्र खरोखर सुरेल गायचा. मी ढोलकी वाजवायचो. ती मी नागपूरहून विमानात मांडीवर घेऊन आलो होतो, आणि शेजारच्या बाईंनी सगळा प्रवासभर तिच्याकडे माझं मूल असल्यासारखं पाहिलं होतं.

एका शनिवारी सकाळी मी कॉम्प्लेक्सच्या लॉन्ड्रीत कपडे वाळायची वाट बघत ड्रायरवर ठेका धरून बसलो होतो. पलीकडे एक किडकिडीत गोरे आजोबा बनियनच्या घड्या घालत होते. न बघताच ते म्हणाले, "तिसऱ्या मात्रेला तू दर वेळी घाई करतोस."

हे खरं होतं. नागपूरला माझे गुरुजीही हेच सांगायचे, फक्त ते सोबत एक टपली द्यायचे.

"तुम्ही वाजवता का?" मी विचारलं.

"वाजवायचो. इंग्लंडमध्ये, शाळेत असताना." आणि मग त्यांनी अगदी सहज एका गिटारवाल्याचं नाव घेतलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. एवढंच सांगतो, की तो ज्या ब्रिटिश बँडमध्ये होता त्याचे टी-शर्ट नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवरसुद्धा मिळायचे, स्पेलिंग चुकलेले.

"तो आधी आमच्यात होता," आजोबा म्हणाले. "आठ महिने. मग आणखी दोन बँड फिरला, आणि मग तिकडे गेला."

"आणि तुम्ही काय वाजवायचात?"

"चहाचं खोकं."

मला वाटलं, त्यांचे ब्रिटिश उच्चार मला कळले नाहीत. पण ते खरंच खोकं होतं. त्या काळी तिथल्या पोरांकडे वाद्यं घ्यायला पैसे नसत. मग चहाची रिकामी लाकडी पेटी उलटी घालायची, तिच्यावर झाडूचा दांडा उभा धरायचा, दांड्यापासून पेटीपर्यंत दोरी ताणायची आणि ती छेडायची. दांडा मागे खेचला की सूर वर जातो, ढिला सोडला की खाली. आणखी एक जण बोटांत शिवणकामाची अंगुस्तानं घालून कपडे घासून धुवायचा खाचांचा पत्रा खरवडायचा. खरी गिटार एकाकडेच होती, आणि तोच पुढे निघून गेला.

घरी येऊन मी हे सांगितलं तर मुंबईकर म्हणाला, "यार, तुला लॉन्ड्रीत कोणी काहीही सांगतं." पुणेकराने एवढंच विचारलं, "पुरावा आहे का?"

पुरावा होता. पुढच्या रविवारी आजोबा एक जाडजूड पुस्तक काखेत मारून आमच्या घरी आले. पुस्तक त्या प्रसिद्ध बँडचा इतिहास होता. सुरुवातीच्या पानांत एक काळापांढरा फोटो होता. चर्चच्या हॉलसमोर तीन पोरं, मधल्याच्या गळ्यात गिटार. आणि फोटोच्या अगदी डाव्या कडेला एक वाकलेला कोपर आणि अर्धं खोकं.

"हा मी," आजोबा म्हणाले.

"कुठे?" पुणेकराने विचारलं.

"हा कोपर."

त्यांनी शर्टाची बाही वर केली, आमचा झाडू उचलला आणि तशीच पोझ घेऊन भिंतीपाशी उभे राहिले. कोपरावर तीळ होता. फोटोतही एक काळा ठिपका होता. मुंबईकर म्हणाला, "छपाईचा डाग असेल." पुणेकराने बोट ओलं करून ठिपका घासला. तो जाईना. मग त्याने पुस्तक कोपराजवळ नेलं, कोपर पुस्तकाजवळ आणला, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि म्हणाला, "असू शकतं." मी त्याच्यासोबत दोन वर्षं राहत होतो. एवढी मोठी दाद त्याने अजून कोणालाही दिली नव्हती.

फोटोखाली तिघांची नावं छापली होती आणि पुढे "एक अनोळखी मित्र" असं लिहिलं होतं. ते पेन्सिलने खोडून तिथे आजोबांचं नाव घातलेलं होतं.

"हे पुस्तक तर लायब्ररीचं आहे!" मी म्हणालो.

"हो," आजोबा म्हणाले. "बाकीच्या दोन लायब्रऱ्यांतही मी दुरुस्ती केली आहे."

त्या दिवशी ते आमच्या बँडमध्ये आले. चहाची लाकडी पेटी काही मिळेना. इंडियन ग्रोसरीवाल्या काकांनी आंब्यांचं पुठ्ठ्याचं खोकं दिलं, ते पहिल्याच दिवशी बसलं. शेवटी पुणेकराच्या चपलांच्या प्लायवूडच्या रॅकची मागची फळी काढली आणि रॅक उलटी घातली. दांडा आमच्याच झाडूचा, दोरी बाल्कनीतली कपडे वाळत घालायची. आजोबांनी दोरी छेडली तसा "भुंम" असा आवाज झाला, आणि पाच मिनिटांत खालचे तेलुगू शेजारी वर आले. "तुमच्याकडे पाइप फुटला का?" त्यांनी काळजीने विचारलं.

दोन महिन्यांनी मराठी मंडळाचा गणपती होता, आणि त्यात आम्हाला पंधरा मिनिटं मिळाली होती. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टरकाका, तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत आलेले, आता रिटायर झालेले. मेडिकलच्या हॉस्टेलमध्ये त्यांनी याच ब्रिटिश बँडच्या रेकॉर्डी झिजवल्या होत्या. मुंबईकराने त्यांना आजोबांबद्दल सांगायला नको होतं, पण त्याने सांगितलं. ते सुद्धा घाईत, पार्किंगमध्ये, काका गाडी रिव्हर्स घेत असताना.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. आम्ही पडद्यामागे रॅक उलटी करत होतो आणि बाहेर डॉक्टरकाका माइकवर बोलत होते. "रसिकहो, आज आपल्यात त्या जगप्रसिद्ध बँडचे मूळ सदस्य उपस्थित आहेत!"

हॉल दणाणला. "काय म्हणाले ते?" आजोबांनी विचारलं. मी सांगितलं. ते पांढरे होते, आणखी पांढरे पडले.

"पण मी त्या बँडमध्ये कधीच नव्हतो!"

"जाऊ द्या ना आजोबा, कोण विचारतंय?"

"नाही. हे खोटं आहे." असं म्हणून ते झाडूचा दांडा हातात घेऊनच माइकपाशी गेले. "मित्रांनो, मी त्या बँडमध्ये नव्हतो. त्यांचा गिटारवाला पूर्वी आमच्या बँडमध्ये होता. आम्ही फार वाईट वाजवायचो, म्हणून तो सोडून गेला."

आधीपेक्षा जोरात टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एक काकू शेजारणीला म्हणाल्या, "केवढा विनय बघा! नाहीतर आपले लोक!" आजोबांनी पुन्हा खुलासा केला. आणखी टाळ्या. तिसऱ्या खुलाशाला लोक उभे राहिले आणि डॉक्टरकाकांनी डोळे पुसले. शेवटी मी आजोबांना दंडाला धरून मागे आणलं, नाहीतर ते चौथ्या खुलाशानंतर मंडळाचे अध्यक्षच झाले असते.

आम्ही एक जुनी लावणी घेतली होती. मुंबईकर झकास गायला. पुणेकराने चार कॉर्डमध्ये बसवली. दुसऱ्या कडव्याला दोरी सुटली, दांडा आजोबांच्या हातातून निसटला आणि थेट पुढच्या रांगेत त्याच काकूंच्या मांडीवर जाऊन पडला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला. आजोबा एक क्षणभर रिकाम्या हातांकडे बघत राहिले आणि मग तोंडाने "भुंम, भुंम" करायला लागले. तालात. पोरंसोरंही त्यांच्याबरोबर भुंम करायला लागली आणि लावणी संपल्यावरही थांबेनात. मागच्या बाजूला कोणीतरी शिट्टी मारली. ती डॉक्टरकाकांची होती.

नंतर सह्यांसाठी रांग लागली. आजोबा प्रत्येक सहीखाली प्रामाणिकपणे लिहीत होते, "त्या बँडचा नव्हे."

महिन्याभराने मुंबईकराला डॅलसच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राने गायला बोलावलं. लग्नाच्या रिसेप्शनला, लाइट्स आणि धुरासकट. त्याने हे आम्हाला खिचडी खाताना सांगितलं, ताटातून मान वर न करता. मी "अरे वा" म्हणालो. पुणेकराने स्वतःचं ताट उचललं, धुतलं, आणि त्या दिवसापासून मुंबईकराशी फक्त फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवून बोलायला लागला. "दूध संपले आहे." "दूध अजूनही संपलेले आहे."

मी आजोबांकडे गेलो. "तुमचा गिटारवाला गेला तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"त्याला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो. सामान जड होतं."

"राग नाही आला?"

"आला ना. शनिवारी कार्यक्रम होता आणि गिटारच नव्हती. आम्ही चाळीस मिनिटं नुसतं खोकं आणि पत्रा वाजवला. पाद्रीबाबा म्हणाले, देव तुमचं भलं करो, पण दुसऱ्या हॉलमध्ये."

"त्याने नंतर कधी फोन वगैरे केला?"

"एकदा पत्र आलं होतं. माझी छत्री तुझ्याकडे राहिली का, असं विचारलं होतं."

"राहिली होती?"

"हो. पण मी नाही म्हणून कळवलं. एवढ्या मोठ्या माणसाची काहीतरी वस्तू आपल्याकडे असावी."

"कुठे आहे ती?" मी जवळजवळ ओरडलो.

"बायकोने गराज सेलमध्ये काढली," ते म्हणाले. "टेक्सासात कशाला लागते छत्री?"

मुंबईकराच्या पहिल्या कार्यक्रमाला डॉक्टरकाका आम्हाला त्यांच्या व्हॅनमधून घेऊन गेले. पुणेकर "मी फक्त जेवायला येतोय" असं सांगून आला. आम्ही अगदी मागच्या टेबलावर बसलो. मुंबईकराने चकचकीत चंदेरी कोट घातला होता आणि तो इतका चांगला गायला की आजोबांनी पनीर खायचं थांबवलं. गाणं संपल्यावर तो धावत आमच्या टेबलापाशी आला आणि पुणेकरासमोर उभा राहिला.

पुणेकराने रुमालाने तोंड पुसलं. "शेवटच्या ओळीला सूर चढला होता," तो म्हणाला.

पाच आठवड्यांत त्याने मुंबईकराशी तोंडाने उच्चारलेलं हे पहिलं वाक्य होतं. मुंबईकराने त्याला कडकडून मिठी मारली. कोटावरची सगळी चमकी पुणेकराच्या काळ्या स्वेटरला लागली आणि कितीही धुतलं तरी निघेना. तो तोच स्वेटर घालून ऑफिसला जायचा. कोणी विचारलं, की गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "आमचा सिंगर मोठ्या ऑर्केस्ट्रात असतो."