सुनेच्या लॅपटॉपला कुठली डिस्क घेतली

माझा मुलगा प्रशांत म्हणतो, लॅपटॉप दिवाळीला नवीन घेऊ. कुठल्या दिवाळीला, ते सांगत नाही. मागच्या दिवाळीलाही हेच म्हणाला होता... फराळ खाल्ला, विषय संपला.

हं, आता नमस्कार. ज्यांना माझं बोलणं झोंबतं त्यांनी इथूनच परत फिरा.

गोष्ट माझ्या सुनेची, सुवर्णाची. नात झाली तेव्हा तिने हिशोबाची नोकरी सोडली होती. आता नात शाळेत जाते, तर वांद्र्याच्या एका ऑफिसने हिला घरून काम दिलंय. पण महिनाभर बघणार, मग पक्कं करणार. रोज सकाळी नऊला लॅपटॉपवर हजर पाहिजे.

आणि लॅपटॉप कसला? तो चालू केला की मी भेंडी घेऊन बसायची. पुसून, चिरून, फोडणीला पडायची वेळ यायची, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतंच आहे. सकाळी डबे, नातीची वेणी, शाळा... यातून सुवर्णा कशीबशी पावणेनऊला बसायची. दोनदा उशीर झाला. तिथल्या मॅडमनी सांगून टाकलं, पुन्हा झालं तर आम्ही दुसरी कोणी बघू.

हे तिने मला सांगितलं नाही हो. तिचं टेबल आणि माझा ओटा यांच्यामध्ये एक पडदा आहे फक्त. पडद्याला कान नसले तरी मला आहेत.

म्हणून परवा तिला घेऊन मी भांडुप स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. चपलांच्या दुकानाच्या वर आहे, लोखंडी जिना. माझ्या गुडघ्यांनी प्रत्येक पायरीला मुलाचं नाव घेतलं.

दुकानदाराने लॅपटॉपची पाठ उघडली, आत डोकावला. म्हणाला, "मशीन चांगलं आहे आजी. आतली हार्ड डिस्क म्हातारी झालीय."

"म्हातारी झाली म्हणून काय झालं? चालत नाही, तेवढं सांगा."

त्याने दोन डिस्क समोर ठेवल्या. एक जुन्याच पद्धतीची, आत तबकडी फिरते तशी, पण जागा भरपूर. दुसरी एसएसडी. तिच्यात काही फिरत नाही, त्यामुळे झटपट चालते. किंमत दोघींची जवळपास सारखी, पण या दुसरीत जागा निम्मीसुद्धा नाही.

झालं... मी एका खोलीत संसार केलेली बाई. आम्ही सगळे आडवे झालो की उठून पाणी प्यायचं म्हटलं तरी कुणाचा तरी हात तुडवल्याशिवाय जाता यायचं नाही. तेवढ्याच पैशात जास्त जागा मिळतेय म्हटल्यावर मी दुसरीकडे बघते होय? म्हटलं, मोठी द्या.

"आजी, स्लो चालेल."

"नवीन आहे ना? पळेल."

वर मुलाला फोन लावला. "मोठीच घे गं आई," म्हणाला, "माझे सगळे पिक्चर आहेत त्यात." बघा... आम्हा मायलेकांचं कधी नव्हे ते एकमत झालं, आणि झालं तेही नको तिथे.

दुकानदाराने स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. तेवढ्यात सुवर्णा बोलली.

तुम्हाला सांगते, लग्न होऊन आली तेव्हापासून या बाईचं एकच वाक्य, "तुम्ही म्हणाल तसं." भाजी कुठली? तुम्ही म्हणाल तसं. गावाला कधी जायचं? तुम्ही म्हणाल तसं. तीच बाई त्या दुकानात, परक्या माणसासमोर म्हणाली,

"आई, मला जागा नकोय. मला नऊला हजर व्हायचंय."

आवाज चढवला नाही तिने. पण दुकानदाराचा हात थांबला. फोनवर मुलगा चालूच, "हॅलो? हॅलो, कोण बोललं?"

"तुझी बायको बोलली. ठेव फोन."

मग मी मुद्दामच डिवचलं, "आणि त्याचे पिक्चर गं?"

"पिक्चर गेले तर परत मिळतील, आई. हे काम गेलं तर मला परत कोण देणार?"

मी फोन पिशवीत टाकला. दुकानदाराला म्हटलं, "ऐकलंत ना? ती म्हणते ती घाला."

त्याने तिचं सगळं काम नव्या डिस्कवर उतरवून दिलं. जुनी एका डबीत घालून हातात ठेवली, वायर जोडली की पिक्चर दिसतात. एवढंच होतं. ते आधी बोलला असता तर निम्मी वादावादी वाचली असती.

काल सकाळी तिने लॅपटॉपचं झाकण उघडलं, मी गॅसवर दूध ठेवलं. दुधावर साय धरायच्या आत पडदा लख्ख! बाई नऊच्या आधी हजर, पाठ ताठ. मध्ये कुकरची शिट्टी झाली तरी जागची हलली नाही. मी उठले.

नोकरी पक्की होईल की नाही, ते महिना संपल्यावर कळेल. मी काही ज्योतिषी नाही. पण परवा तिचं तोंड उघडलंय, आणि ते आता मिटू नये असं मला वाटतं. एका घरात बोलणाऱ्या दोन बायका म्हणजे भांडणं व्हायचीच... होऊ देत की. इतकी वर्षं मी एकटीच बोलत होते, कंटाळा येतो.

आता राहिला प्रश्न सकाळचा. सुवर्णा नऊला कामावर बसणार, तर डबे कोण भरणार आणि पोरीला शाळेत कोण सोडणार? प्रशांत, उत्तर तू द्यायचंस. इथेच खाली कमेंटमध्ये, सगळ्यांसमोर. बाकीच्यांनी मध्ये पडायचं नाही... आणि सुवर्णा, तू तर मुळीच नाही.