आमची मोसंबी गोडच आहे

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण कप आधी खाली ठेवा. आणि माझी फजिती ऐकायला बसलाच आहात तर एवढं ध्यानात असू द्या की माझं शास्त्र चुकलं नव्हतं. चुकलं ते झाड.

मी परतूरला शाळेत विज्ञान शिकवते. वनस्पतींच्या ऊती आणि संप्रेरकं शिकवण्यात माझी निम्मी हयात गेली. अशा बाईच्या दारात एक झाड नसावं? म्हणून घरापुढच्या मोकळ्या जागेत मी मोसंबीचं कलम लावलं. जालना जिल्ह्यात राहून मोसंबी विकत आणायची, हे मला काही पटत नव्हतं.

आमच्या ह्यांना मात्र तिथं फरशी हवी होती, गाडी लावायला.

"फुकट जागा अडकून राह्यली," हे म्हणाले. "असं कर, मोसंबी लागली तर झाड राहील. न्हाई लागली तर मी मिस्त्रीला बोलावतो. बराबर?"

"बराबर," मी म्हणाले. तिथंच मी अडकले.

कलम म्हणजे काय, थोडक्यात सांगते. खाली जंबेरीचं मूळ असतं. जंबेरी हे एक खरबरीत सालीचं, दणकट आणि भयंकर आंबट लिंबू. त्याच्या खोडात मोसंबीचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, बसवतात. दोघांच्या सालीखालच्या ऊती जुळून येतात आणि तिथं गाठ दिसते. गाठीच्या खाली जंबेरी, वर मोसंबी. ही गाठ जमिनीच्या वर ठेवायची असते. मी ती मातीत गाडली. का, तर वाऱ्यानं रोप हलू नये म्हणून. आणि खरंच सांगते, रोप अजिबात हललं नाही.

वाढलंही नाही. एक पावसाळा गेला, हिवाळा गेला, ते आपलं होतं तेवढंच.

"हे झाड हाये का खुंटी?" हे येता-जाता विचारायचे. एक दिवस तर टेप घेऊन अंगण मोजायला लागले.

मग मात्र मी शास्त्र काढलं. झाडाच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खोडातून खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना दटावून गप्प बसवतं. शेंडा खुडला की दटावणारं कोणी उरत नाही, झोपलेले डोळे जागे होतात आणि फांद्या फुटतात. परीक्षेला हमखास येतं हे. मी शेंडा खुडला. जरा रागातच होते, त्यामुळे निम्मं रोप हातात आलं.

आणि काय सांगू, थोड्याच दिवसांत बुंध्याशी, मातीतून, एक धुमारा सरसरून वर आला. हिरवागार, सरळ. मी ह्यांना हाताला धरून अंगणात आणलं.

"याला काटे लई हायेत की," हे म्हणाले.

"कोवळेपणी मोसंबीलाही काटे असतात."

"अन् हा जुना दांडा?"

"तो आता नुसता अन्न खातोय," मी म्हणाले, आणि तो कापून भिंतीपलीकडं भिरकावला.

तुमच्यातल्या शहाण्यांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. त्यांनी कृपया गप्प बसावं. माझ्या लक्षात अजून यायचं होतं.

झाड मात्र काय वाढलं! मी संध्याकाळी त्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसायला लागले. शाळेत दिवसभर घसा कोरडा करून आल्यावर तिथं बसलं की बरं वाटायचं. जीव जडला माझा त्याच्यावर. मग फुलं आली, फळं धरली, पिवळी झाली. तेव्हा माझ्या नणंदबाई, आक्का, राजूरहून आल्या होत्या. त्यांनी एक फळ हातात फिरवून पाहिलं.

"सुमन, हे मोसंबीवानी दिसंना बाई. साल कशी खरबडीत हाये."

"पाण्याचा ताण बसला, आक्का. सालीतल्या ऊती जाड होतात." हे मी तिथल्या तिथं रचलं होतं, पण वर्गात सांगतात तशा आवाजात सांगितलं.

मी रस काढला.

"साखर?" आक्कांनी विचारलं.

"आपल्या झाडाच्या मोसंबीला साखर लागत नसते."

तीन ग्लास भरले. आक्कांचा एक डोळा मिटला तो उघडेचना. हे घोट तोंडात धरून नुसते बसून राहिले. मी प्याले आणि त्या एका घोटात मला अख्खा धडा समजला. ऑक्झिननं आपलं काम चोख केलं होतं. डोळे जागे झाले होते. फक्त ते गाठीच्या खालचे होते. मोसंबी मी स्वतःच्या हातानं भिंतीपलीकडं फेकली होती.

"मंग?" हे म्हणाले. "मिस्त्रीला सांगू?"

मी सगळा ग्लास रिकामा केला. "गोड आहे," मी म्हणाले.

आक्का बिचाऱ्या मध्ये पडल्या. "आरं, जंबेरी हाये ही. राहू दे की झाड. लोणचं लई झकास होतंय हिचं."

"जंबेरी हाये तर विषयच मिटला. आमचं बोलणं मोसंबीचं झाल्तं."

"मोसंबीच आहे," मी ठणकावून सांगितलं.

"बिलकुल मोसंबी?"

"बिलकुल."

"मंग खा की रोज. मोसंबी लोकं सोलून खातेत."

तेव्हापासून लोणचं बंद, सरबत बंद, साखर तर नावालाही नाही. हंगामात रोज संध्याकाळी मी त्याच झाडाखाली बसते, ह्यांच्यासमोर एक फळ सोलते आणि फोडी मजेत खाते. डोळ्यांत पाणी येतं, पण चेहरा हलू देत नाही. अंगणात आजतागायत फरशी बसलेली नाही.

परवा दाढ ठणकायला लागली म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेले. हे सोबत होतेच. डॉक्टरनं आरशानं आत बघितलं आणि चुकचुकला.

"मॅडम, दात पार झिजलेत. तुम्ही रोज काही आंबट खाता का?"

हे हातातला पेपर बाजूला ठेवून माझ्याकडं बघायला लागले.

"छे," मी म्हणाले. "मोसंबी."