फाटलेला साबण

फाल्गुन वद्य चतुर्थी, बुधवार. काम होतं न्हाणीतलं पितळी घंगाळ घासायचं. दुपारी दिंद्रुडहून थोरलीला बघायला पाहुणे यायचे होते, आणि ज्या घंगाळातल्या पाण्यानं त्यांनी पाय धुवायचे, ते आतून पांढऱ्या चिकट्यानं माखलं होतं.

चिकटा साधासुधा नव्हता, विलायती होता. केजला आमचं कापडाचं दुकान. यजमान माल भरायला हैदराबादेस गेले आणि येताना गुलाबाच्या वासाचा साबण घेऊन आले. सगळ्या गल्लीनं तो हुंगून घेतला. पण आमची विहीर खारी. त्या पाण्यात फेस व्हायच्या ऐवजी साबणाचा चोथा व्हायचा, नासलेल्या दुधासारखा. आम्ही म्हणायचो, साबण फाटला. यजमानांना ते पटत नसे.

"माल खालिस हाय, भेसळ न्हाई. आपलं पाणीच मागासलेलं," असं म्हणून ते आणखी चोळत. जितकं चोळावं तितका चोथा.

पाहुण्यांना वास यावा म्हणून नणंदेनं त्या दिवशी सकाळीच थोरलीचं डोकं त्याच साबणानं धुतलं होतं. मी घासत होते तेवढ्यात पोरगी केसांत अडकलेल्या फणीसकट समोर उभी राहिली.

"माय, निघंना."

केस वाळून डिंक लावल्यासारखे झाले होते. फणीच्या दात्यांत पांढरा भुगा. मुलाची आई मुलीची वेणी सोडून केस हातात घेऊन बघते, अशी पक्की बातमी होती. दोन मुली तिनं केसांवरूनच नाकारल्या होत्या. स्थळ चांगलं होतं आणि आम्हाला हवं होतं.

नणंद म्हणाली, "आन गं, पुन्हा साबण लावू."

"वन्सं, त्यानंच झालंय हे."

घंगाळाचा चिकटा राखेनं हलला नव्हता. चिंचेचं पाणी लावून जरा थांबले, तसा तो सैल झाला होता. पाणी तापवायच्या हंड्यात चुन्याचा थर धरतो, तोही आम्ही चिंचेनंच काढतो. हा चिकटा म्हणजे त्याच चुन्यानं धरून ठेवलेला साबण असणार. मी चिंच कालवायला घेतली.

"येडी झालीस का?" नणंद ओरडली. "आंबटानं दूध फाटतं. फाटलेल्यात आनखी आंबट घालतीस? पोरीच्या डोस्क्याचं दही व्हईल!"

ओसरीवरून यजमान म्हणाले, "हैदराबादेत समदे हाच लावत्यात. हिलाच कावून चिकटला?"

"हैदराबादेला आपली विहीर न्हाई," मी म्हणाले आणि पोरीला न्हाणीत बसवलं.

चिंचेचं पाणी गाळून केसांना मुळापासून लावलं आणि मुरू दिलं. केस सुटे झाले, पण तेलकट. चुन्यानं साबण सोडला तरी त्याची ओशट चरबी केसांवर राहिली होती. मग रिठ्याचं पाणी घातलं. रिठा खाऱ्या पाण्याला जुमानत नाही, भरपूर फेस करतो. फेसानं ती चरबी उचलली आणि मोरीत नेली. फणी सरळ खाली उतरली. नणंद दही व्हायची वाट बघत उभी होती. नाही झालं, तेव्हा चहाचं बघायला निघून गेली.

दुपारी पाहुणे आले. मुलाच्या आईनं खरंच वेणी सोडली, केस ओंजळीत घेतले, उजेडात धरले आणि वर हुंगले.

"आमटीचा वास येतोय," ती म्हणाली.

"साबण विलायती हाय," यजमान घाईघाईनं म्हणाले.

तिनं त्यांच्याकडं लक्षच दिलं नाही. नवऱ्याकडं वळून म्हणाली, "पोरगी चुलीपाशी वावरती. केस बी लई चांगले. मला पसंत हाय."

थोरलीला तेव्हा वरणाला फोडणीही धड देता येत नव्हती. संध्याकाळी यजमानांनी पसंतीचं श्रेय साबणाला दिलं. नणंदेनं स्वतःच्या न्हाऊ घालण्याला दिलं.

पाहुण्या बाई निघताना त्यांच्या विहिरीचं पाणी कसं आहे, ते मी विचारून घेतलं होतं. "लई खारं, पर सवय पडती," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थोरलीला शेजारी बसवलं, तिच्या पुढ्यात सूपभर रिठे ओतले आणि फोडायला लावले. ते भिजत पडल्यावर तिला उठवून चुलीपाशी नेलं आणि आमटी शिकवायला घेतली.