जिभाऊ आणि साहेबांचं भाषण

जिभाऊ सॉफ्टवेअरवर डूख धरायचे. खरंच! नवा लॅपटॉप उघडला आणि कोपऱ्यात 'महिनाभर मोफत'वालं काही दिसलं, की डोळे बारीक व्हायचे. "याले मी वळखस. मागला साल बी यानीच जागा खादी व्हती." आणि मग असे खुशीत उडवायचे, काय सांगू!

नंदुरबारला मिरची बाजारामागे त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. माझं कॉलेज संपल्यावर मी तिथे लागले आणि आम्ही दोघांनी मिळून एका संस्थेचं काम घेतलं. छोट्या डिस्कचे जुने लॅपटॉप तोरणमाळकडच्या डोंगरातल्या शाळांसाठी तयार करायचे. वर नेट नाही, म्हणजे खालून भरून पाठवू तेवढंच पोरांना मिळणार. मी आपली उत्साहात सगळंच टाकायला निघाले. "माय, हाई काय धर्मशाळा शे का?" ते ओरडले. "नेट नही तठे ब्राउझर काय चाटतीन का पोरं?"

लिहायचं, चित्रं काढायचं, गणिताचा एक खेळ, बस. उरलेली सगळी जागा तिथल्या पावरी बोलीतल्या गोष्टींना. त्या त्यांनी स्वतः वर जाऊन म्हाताऱ्या माणसांकडून रेकॉर्ड करून आणलेल्या. पोरांना मशीनमधून घरची भाषा ऐकू आलीच पाहिजे, हा हट्ट.

संस्थेचे साहेब आले नि म्हणाले, "पावरी कशाला? ती घरी बोलतातच. काढा, माझं भाषण टाका. पूर्ण."

मला वाटलं आता भांडण. जिभाऊ गोड हसले. "टाकतस ना साहेब." मी तेव्हाच घाबरले.

तोरणमाळला लॅपटॉप वाटपाच्या कार्यक्रमात साहेबांनी क्लिक केलं. भाषण होतं, एक शब्द गाळलेला नाही! फक्त फाइल इतकी दाबून लहान केलेली, की साहेबांच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन, आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पोरं हसून लोळली. मागोमाग पावरी गोष्ट लावली, ती स्वच्छ, खणखणीत. "डिस्क धाकली शे साहेब," जिभाऊ हात जोडून म्हणाले.

साहेबांनी जिभाऊंचं काम तोडलं, इतरांनाही सांगून ठेवलं. दुकान बंद झालं. जिभाऊ मुलाकडे सुरतेला गेले. गाडीत बसताना रडणं वगैरे काही नाही. "पावरीले कोनले हात लावू देऊ नको," एवढंच.

यंदा नवे लॅपटॉप आले, डिस्क तेवढीच. काम मला, कारण साहेबांना वाटतं मी जिभाऊंसारखी नाही. पेन ड्राइव्ह देत म्हणाले, "ती पावरी काढ, हे भाषण मोठ्ठं दिसू दे. पुढची कामं तुलाच."

मी गोड हसले. "टाकते ना साहेब."

लॅपटॉप काल वर गेले. दाबून लहान केलेलं भाषणसुद्धा नाहीये त्यात. उद्या साहेब सगळ्यांसमोर क्लिक करतील आणि एक म्हातारी पावरीत गोष्ट सुरू करेल. पुढची कामं जातील. जाऊ देत! जिभाऊ सुरतेहून निघालेत, पहिल्या ओळीत बसायला.